फ्लामेंकोवाला हात आणि कालनिर्णयच्या मागची यादी

मागच्या वर्षी मे महिन्यात बडोद्यात मांजलपूरला मावशीकडे सगळे आमरसाला जमलो होतो आणि जेवणं झाल्यावर नेहमीसारखं "अरे गिटार आणलीयेस ना, मग वाजव की" सुरू झालं. मी फ्लामेंकोतल्या (म्हणजे दक्षिण स्पेनच्या गाण्या-नाचाच्या संगीतातल्या) सोलेआच्या दोन फाल्सेता, म्हणजे गिटारचे सुटे तुकडे, वाजवल्या, मग बुलेरियाचा, त्यातल्याच एका वेगवान प्रकाराचा, थोडा धुरळा उडवला, लोकांनी टाळ्या दिल्या (चुकीच्या ठिकाणी, पण ते असो), आणि मग काका पान लावता लावता म्हणाले, छान आहे रे, आता जरा शांत काहीतरी होऊ दे, एखादी साधी धून. आणि माझ्याकडे काही नव्हतंच. नऊ वर्षं फ्लामेंको वाजवतोय, सगळं व्हिडिओ बघून आणि मुंबईच्या एका वर्कशॉपच्या जोरावर, हातात वेग आहे, रास्गेआदो (बोटं झरझर तारांवर झटकणं) बरा आहे, पण हळू चालणारी एक सरळ ओळ, एकामागून एक स्वर, माणूस पान चघळायचं थांबवून ऐकेल अशी, एकसुद्धा नाही. काहीतरी जोडून दोन मिनिटं वाजवलं आणि गिटार खाली ठेवली.

माझी मावसबहीण तिथेच वाट्या गोळा करत होती. ती दातांची डॉक्टर, पण क्लासिकल गिटारच्या ट्रिनिटीच्या आठही ग्रेड दिलेल्या. ती वाट्यांवरची नजर न काढता म्हणाली, "दादा, तुझा प्रत्येक स्वर भांडायला निघाल्यासारखा येतो."

लागलं. पण खोटं नव्हतं. फ्लामेंकोची गिटार मुळात गाणाऱ्याच्या आणि नाचणाऱ्याच्या मागे वाढलेली, समोर टाचा आपटत असताना तिला ऐकू यायचं असतं, त्यामुळे आवाज कोरडा, टोकदार आणि लवकर संपणारा. माझी गिटार सायप्रसच्या लाकडाची आहे, हलकी, तारा फ्रेटला चिकटल्यासारख्या खाली, वर टॉपवर गोल्पे, म्हणजे बोटाने टकटक, मारायला प्लास्टिकची पट्टी. अंगठा प्रत्येक वेळी पुढच्या तारेवर जाऊन आपटतो, पिकादोमध्ये (दोन बोटांनी आलटून पालटून भरभर एकेक स्वर) बोटंसुद्धा तशीच तारेवर टेकतात. आणि माझी अनामिका तर कॉर्ड आला की न विचारता टॉपवर टक करते. नऊ वर्षांत हे सगळं इतकं अंगात मुरलंय की ती सवय आहे हेच विसरायला होतं.

तर ठरवलं, क्लासिकलचे चार पीस शिकायचे. चारच. प्रश्न एवढाच, कुठले.

पहिली यादी मी एका रविवारी दांडिया बाजारच्या आमच्या घरी बसून कालनिर्णयच्या एप्रिलच्या पानामागे केली, अकरा नावं. आस्तुरियास, रेकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा, काप्रिचो आराबे, ग्रानादा, सेव्हिया, तुरिनाचा फांदांगिओ, फायाचा ओमेनाखे, असं करत करत शेवटी हावरटासारखं रोद्रिगोचं, आख्ख्या ऑर्केस्ट्राबरोबरचं, कोन्सिएर्तो दे आरानखुएससुद्धा लिहून टाकलं. सगळं स्पॅनिश. माझं लॉजिक असं की मी स्पॅनिशच वाजवतो, तर हात पटकन बसेल. बहिणीला फोटो पाठवला. तिचा फोनच आला, आधी भरपूर हसली आणि मग म्हणाली, "तू सेवउसळ सोडायची म्हणून दुसऱ्या लारीवरची सेवउसळ खायला निघालायस."

मी ऐकलं नाही अर्थात. आस्तुरियासने सुरुवात केली, आणि खोटं कशाला बोलू, शनिवार-रविवारमध्ये पहिलं पान हातात आलं. येणारच ना. ते अल्बेनिसने पियानोसाठी लिहिलंय, जी मायनरमध्ये, गिटारवर आपण ई मायनरमध्ये वाजवतो, पण त्याच्या डोक्यात गिटारच होती हे पहिल्या ओळीतच कळतं: अंगठा खाली धून वाजवतोय आणि वर मोकळी दुसरी तार सतत टोचतेय. गंमत म्हणजे नाव आस्तुरियास, म्हणजे स्पेनच्या उत्तरेचा हिरवागार पावसाळी भाग, आणि संगीत मात्र पार दक्षिणेचं, अंदालुसियाचं. ते नाव अल्बेनिसने दिलेलंच नाही, १९०९ मध्ये तो गेल्यावर प्रकाशकाने चिकटवलं. तर मी ते बुलेरियाच्या स्पीडने पळवलं, कॉर्ड आले तिथे माझा रास्गेआदो हाणला, रेकॉर्ड करून पाठवलं. उत्तर एका ओळीचं: वर आलेग्रो मा नॉन त्रोप्पो (जलद, पण फार नाही) लिहिलंय, त्यातलं नॉन त्रोप्पो वाच. आणि मधला भाग कुठेय?

मधला भाग मी गाळला होता. मधला भाग हळू आहे, एकेक सुटी ओळ, जणू कोणी एकटं गातंय आणि मध्ये थांबून ऐकतंय. तिथे माझी गाडी बंद. म्हणजे काकांनी मागितलं होतं नेमकं तेच या पीसच्या पोटात बसलेलं होतं आणि मी त्याच्या दोन्ही बाजूंचं फटाफट वाजवून खूश होतो.

रेकुएर्दोसची कथा याहून वाईट. तारेगाची ही चीज म्हणजे सगळी ट्रेमोलोवर, म्हणजे एकच स्वर बोटांनी भरभर, अखंड वाजवत राहणं, आणि ट्रेमोलो तर मला येतो, ग्रानाइनामध्ये (फ्लामेंकोचाच एक प्रकार) वाजवतो की. पण आमचा ट्रेमोलो पाचाचा असतो: अंगठा, तर्जनी, अनामिका, मध्यमा, परत तर्जनी. क्लासिकलवाल्यांचा चाराचा: अंगठा, अनामिका, मध्यमा, तर्जनी. एक बोट कमी, सोपं व्हायला पाहिजे असं वाटतं. होत नाही. पाचव्या ठिकाणी अंगठा परत यायला हवा तिथे माझी तर्जनी आधीच हजर, लग्नात आमंत्रण नसलेल्या पाहुण्यासारखी. तीन आठवडे मी ते सुटं करत बसलो, मेट्रोनोम ६० वर, बायको म्हणाली घरात शिवणयंत्र आणल्यासारखं वाटतंय. शेवटी मी हुशारी केली आणि पाचाच्याच ट्रेमोलोने पीस वाजवला. ऐकायला भरगच्च वाटतं, अगदी वाईट नाही, पण बहीण म्हणाली, "दादा, हे तारेगाचं नाही, ही तुझीच ग्रानाइना आहे, कपडे बदललेली." आणि वर असंही म्हणाली की तीन आठवडे घालवून तू नवीन काय शिकलास? चारचा ट्रेमोलो शिकलास तर तुझा पाचचा बिघडेल, तो बिघडला तर तू वैतागशील. ते दोन वर्षांनी बघ.

मग ती एका गुरुवारी क्लिनिक बंद करून आमच्याकडे आली, आईच्या हातचं थालीपीठ खाल्लं, कालनिर्णयचं पान पुढ्यात घेतलं आणि यादीच्या बाजूला मला लिहायला लावलं की माझ्या हाताला काय काय येत नाही. हे आधी सुचलंच नव्हतं. मी पीस निवडत होतो मला काय आवडतं त्यावरून, आणि माझे कान आधीच एका बाजूला झुकलेले, त्यामुळे आवडणारं सगळं एकाच जातीचं निघत होतं. तर लिहिलं. अंगठा हळू वाजत नाही. डाव्या हाताचं बोट स्वर वाजला की लगेच उठतं. दोन आवाज एकदम चालले तर दोन्ही सारख्याच जोरात. कापो, म्हणजे गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा, काढला की पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर हात ताणला जातो (आम्ही निम्मं आयुष्य कापो लावूनच काढतो). आणि नोटेशन वाचता येत नाही, सगळं टॅबवर, म्हणजे तार आणि फ्रेटच्या आकड्यांवर.

नोटेशनवरून आमची जुंपली. मी म्हटलं, फ्लामेंको गिटारचा बादशहा पाको दे लुसिया, त्यालाही नोटेशन वाचता यायचं नाही, तरी त्याने १९९१ मध्ये आरानखुएस रेकॉर्ड केला, ते लिहिणारे खुद्द रोद्रिगो समोर बसलेले असताना. ती म्हणाली, बरं, तू पाको आहेस का? विषय संपला. आणि आरानखुएसवर तिने तेव्हाच काट मारली.

पण नोटेशनचं तिचं म्हणणं मला महिन्याभराने पटलं, ते सांगतो, कारण हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. टॅब तुम्हाला सांगतं बोट कुठे ठेवायचं. ते हे सांगत नाही की तो स्वर कुणाचा आहे आणि किती वेळ राहायला हवा. नोटेशनमध्ये वरच्या आवाजाच्या दांड्या वर जातात, खालच्याच्या खाली, आणि खाली एखादा पांढरा, पोकळ स्वर दिसला की कळतं, बाबा रे, वर कितीही काही चालू दे, हे बोट दोन मात्रा उचलायचं नाही. टॅबवर तो स्वर म्हणजे नुसता एक आकडा. मी नऊ वर्षं आकडे वाजवत होतो.

त्या गुरुवारी तिने मला तीन गोष्टींचा थोडा थोडा तुकडा वाजवायला लावला. पहिलं लाग्रिमा, तेही तारेगाचंच, लाग्रिमा म्हणजे अश्रू. एका पानाचं, पहिला भाग ई मेजर, दुसरा ई मायनर, ग्रेड परीक्षा देणारी शाळकरी पोरं वाजवतात. मी मनात म्हटलं, हे? हे तर दहा मिनिटांत.

पहिल्या मापात असं आहे की पहिल्या तारेवर चौथ्या फ्रेटला धून आणि चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला बेस, दोन्ही एकदम, आणि त्यांच्यामध्ये मोकळी दुसरी तार. मग ती जोडी वर सरकते, परत मोकळी दुसरी तार, परत सरकते. एवढंच. ती म्हणाली, मधली तार ऐकू आली पाहिजे पण कुणाच्या लक्षात येता कामा नये. मी वाजवलं. मधली तार सगळ्यात जोरात. परत वाजवलं, परत तीच. आणि तेव्हा ट्यूब पेटली की ही तीच तार, आस्तुरियासमध्ये मी जिला सतत टोचत होतो ती, मोकळी दुसरी, तोच बी. तिथे ती टोचायचीच असते. इथे तिने श्वास घेतल्यासारखं यायचं. एकच तार, एकच स्वर, आणि माझ्या बोटाला एकच पद्धत माहीत. रात्री पावणेअकरापर्यंत मी ते एक माप वाजवत होतो, आई आतून दोनदा म्हणाली, अरे पुढचं विसरलास का?

लाग्रिमा पक्की झाली. पानावर तिच्याभोवती गोल.

दुसरी सोरची स्टडी, ओपस ३५ मधली २२ नंबरची, बी मायनरची. सेगोव्हिया या गिटारवादकाने सोरच्या वीस स्टडीज निवडून पुस्तक काढलं त्यात तीच पाच नंबरला आहे, त्यामुळे कोणी पाच म्हणतं कोणी बावीस, मी आधी दोन वेगळ्या समजून दोन्ही डाऊनलोड केल्या होत्या. सोर बार्सेलोनाचा, १७७८ चा जन्म, आणि हा माणूस नखं न वापरता वाजवायचा, नुसत्या बोटांच्या मांसावर. मी नखांना फेविक्विकचे थर देणारा माणूस, मला हे ऐकूनच कसंतरी झालं. दिसायला साधी आहे, सगळे स्वर एकसारखे झुळझुळ चाललेले, त्यातून वरचा एखादाच स्वर धून म्हणून उठतो, बाकीच्यांनी मागे राहायचं. आणि डावा हात सोडायचा नाही. बार (एकाच बोटाने अनेक तारा दाबणं) धरलेला, त्यातलं एक बोट हलवायचं, बाकीची जागेवर. आम्हाला सवय स्वर वाजवून बोट उचलायची, कारण फ्लामेंकोत स्वर तोडण्यातच मजा आहे.

अजून एक गोष्ट इथे कानाला लागली. फ्लामेंकोचं सप्तक म्हणजे आपल्या भैरवीचेच स्वर समजा, फक्त गंधार कधी कोमल कधी शुद्ध. त्यात घरी यायचं ते वरून, कोमल रिषभावरून षड्जावर उतरायचं, जिन्याची शेवटची पायरी उतरल्यासारखं. सोरमध्ये घरी यायचं ते खालून, शुद्ध निषादावरून चढून. नऊ वर्षं मी उतरून घरी येत होतो, आता चढून यायला लागलं तर पहिले काही दिवस पीस संपला असं वाटायचंच नाही, अजून एक कॉर्ड बाकी आहे असं वाटायचं आणि हात आपोआप खाली शोधायला जायचा.

तिसरं बाखचं, बीडब्ल्यूव्ही ९९६ (बाखच्या रचनांच्या यादीतला नंबर) मधलं बुरे. नाव बुरे, चीज चांगली. दोन आवाज, वरचा आपला चाललाय, खालचा आपला चाललाय, दोघं समोरासमोरून येणाऱ्या माणसांसारखे. यात माझ्या अंगठ्याने जो काही गोंधळ घातला तो सांगण्यासारखा नाही. बहिणीने मला नुसता खालचा आवाज वाजवायला लावला आणि वरचा तोंडाने गायला लावला, ला ला करून, मी गाताना अंगठा बरोबर हळू यायचा कारण मला स्वतःचाच आवाज ऐकायचा असायचा, गाणं बंद केलं की परत दणका. तिने ते यादीतून काढलं नाही, पण गोलही केला नाही, बाजूला छोटं प्रश्नचिन्ह टाकलं.

म्हणजे लाग्रिमा आणि सोर, दोन पक्के झाले आणि दोन्ही असे की ते वाजवताना मी कोणीच नसतो, एकदम शिकाऊ. हे पुण्यकर्म मी रोज एक तास करीन असं मला स्वतःलाच वाटत नव्हतं. मकरपुऱ्याहून आठला घरी येतो, जेवून साडेनऊला बसतो, त्यात दिवसभर शिव्या खाल्लेल्या असतात, घरी येऊन परत गिटारकडून खायच्या? मी तिला म्हटलं, अगं निदान एक तरी असा दे की माझं जे आहे ते कामाला येईल. तिलाही ते पटलं. तिने व्हिला-लोबोसचा पहिला प्रिल्युड सांगितला, १९४० चा, ई मायनरचा, आणि म्हणाली यात तुझ्या अंगठ्याला दिवाळी आहे.

खरंच आहे. धून सगळी खालच्या जाड तारांवर, अंगठ्याने, वर बाकीची बोटं कॉर्डची साथ देतात. व्हिला-लोबोस स्वतः चेलो वाजवायचा आणि हे ऐकताना ते कळतं, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, तो स्वर धरून हलवणं. माझा अंगठा दणकट, त्याला इथे मान मिळाला. फक्त आमची आल्सापुआची सवय, म्हणजे अंगठा खाली-वर खाली-वर तलवारीसारखा, ती इथे म्यानात ठेवायची. तिसरा गोल.

चौथा मी स्वतः शोधला आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. गास्पार सान्सचं कानारिओस. सान्सचं पुस्तक १६७४ चं, तेव्हाची गिटार पाच जोड-तारांची, आपण आज सहा तारांवर बसवून वाजवतो. रोद्रिगोनेही पुढे ते आपल्या एका कोन्सिएर्तोवजा रचनेत घेतलंय. मी सहज ऐकत होतो, बसमध्ये, आणि बोटं मांडीवर आपोआप बुलेरिया मोजायला लागली. मग कागदावर मांडून बघितलं. कानारिओसमध्ये एक माप तीन-तीनचं आणि पुढचं दोन-दोन-दोनचं असं आलटून पालटून येतं. तीन तीन दोन दोन दोन. बुलेरियाचे बारा मोजा, ठोके बारा, तीन, सहा, आठ, दहावर: तीन तीन दोन दोन दोन. तेच! फ्लामेंको हे नाव या संगीताला मिळायच्याही आधीचं पुस्तक आणि त्यात माझा कोंपास, म्हणजे तालाचं चक्र, बसलेला. मी बसमधूनच बहिणीला व्हॉइस मेसेज केला, शेजारचे काका माझ्याकडे बघायला लागले.

आता माझी समजूत अशी की हा पीस तर मला फुकटच मिळाला, ताल तर घरचाच आहे. एका रविवारी दुपारी वाजवत होतो, आई समोर ताटात पापडी सोलत बसली होती. ती सगळी हयात बडोद्यात काढलेली, नवरात्रात अजूनही दोन फेऱ्या घेतल्याशिवाय राहत नाही. ती म्हणाली, "हींच वाजवतोयस का रे?" (हींच म्हणजे गरब्याचा ताल) आणि पापडी बाजूला ठेवून टाळी द्यायला लागली, गरब्यात देतात तशी, सहाच्या मापात दोन, एकदम सरळ, घड्याळासारखी. तीन-तीनच्या मापात आम्ही दोघं छान. दोन-दोन-दोनचं माप आलं आणि मी घसरलो. परत सुरू केलं, परत तिथेच. कारण आमच्या पाल्मासमध्ये टाळीच माझ्याबरोबर हलते, तीन-तीनला दोन आणि दोन-दोन-दोनला तीन. आई हलत नव्हती. तिच्या दोनावर मला तीन वाजवायचे होते, आणि मी नऊ वर्षांत कधी हे केलंच नव्हतं, मी नेहमी त्या ठोक्यांवर पाय टाकत टाकत गेलेलो, खाली सरळ रस्ता चालू आहे हे कधी ऐकलंच नव्हतं.

"तू मध्येच का अडखळतोस? मी तर सरळच देतेय," आई म्हणाली.

अर्धा तास आम्ही तेच करत बसलो. पापडी शेवटी बायकोने सोलली आणि त्याबद्दल मला अजून ऐकावं लागतं. पण चौथा गोल झाला.

बाकी यादीचं फटाफट सांगतो. काप्रिचो आराबे मला खूप आवडतं, त्यात सहावी तार एक स्वर उतरवायची, नटवी चाल आहे, पण लांब आहे आणि आत्ता मी त्यातले सगळे अलंकार पिकादोने चावून टाकीन, म्हणून मागे. तुरिना सेव्हिया शहराचाच माणूस, फांदांगिओ वाजवायला घेतलं की माझा हात लगेच घरच्या वाटेला लागतो, रास्गेआदो सुरू, म्हणून तेही मागे. फायाचा ओमेनाखे म्हणजे देब्युसीच्या आठवणीत १९२० मध्ये लिहिलेलं, गिटारसाठी मूळ म्हणून त्याने लिहिलेली एवढी एकच रचना, चार मिनिटांच्या आतबाहेरची, आणि तिच्यात इतकं थांबून ऐकणं आहे की मला अजून दहा वर्षं लागतील. ग्रानादा आणि सेव्हिया नुसतेच खोडले. आणि सोर, तारेगा, सान्स यांची नोटेशन्स आयएमएसएलपी या वेबसाइटवर फुकट आहेत, विकत घ्यायची गरज नाही. फक्त बोटांचे आकडे प्रत्येक आवृत्तीत वेगळे असतात. मी लाग्रिमाच्या तीन आवृत्त्या काढून एकेक माप वेगळीकडून उचलत बसलो होतो, त्यात पंधरा दिवस गेले. एक धरा आणि तीच वाजवा.

गिटारचा एक किस्सा राहिला. माझी गिटार बाराव्या फ्रेटला जाड तारेखाली तीन मिलीमीटरच्या जरा खालीच होती, क्लासिकलची साधारण चारच्या आसपास असते. प्रिल्युडमध्ये अंगठ्याने जोर देऊन तार लांबवायला गेलो की ती फ्रेटवर थडथड करायची. फ्लामेंकोत ती थडथड चालते, किंबहुना थोडी हवीच असते. इथे नको. म्हणून एका दुकानात नेली आणि सांगितलं, ब्रिजवरचं हाड, ज्यावर तारा टेकतात ते, जरा उंच करून द्या. त्याने मान हलवली. दोन दिवसांनी आणायला गेलो तर त्या भल्या माणसाने ते हाड घासून अजून खाली केलं होतं, म्हणाला, सर आता एकदम मक्खन चालेल. मक्खन चालली खरी, बुलेरियाला. मग नवीन हाडाचा तुकडा मागवला, स्वतः सँडपेपरवर घासत बसलो, दोन रविवार, बाल्कनीत पांढरी पूड. आता माझ्याकडे दोन हाडं आहेत, एक खालचं, एक उंच, एका छोट्या डबीत, बहिणीने ती डबी दिली, तिच्याकडे कवळ्या यायच्या त्यातली. तारा सैल करून बदलावं लागतं म्हणून रोज करत नाही, एक महिना हे, एक महिना ते. ज्यांच्याकडे दुसरी गिटार घ्यायला पैसे आहेत त्यांनी सरळ दुसरी घ्यावी.

रियाजाचा क्रमही उलटा करावा लागला. आधी मी फ्लामेंको वाजवून मग शांतपणे क्लासिकलला बसायचो, हे चुकीचं. रास्गेआदो झाल्यावर मनगट इतकं तापलेलं असतं की लाग्रिमाची मधली तार परत भांडायला उठते. आता आधी सोर, मग लाग्रिमा, मग बाकीचे दोघं, आणि शेवटची वीस मिनिटं मोकाट. आणि विचित्र म्हणजे त्या वीस मिनिटांतच फरक जाणवायला लागलाय, सोलेआच्या फाल्सेतामध्ये आता मी बेस धरून ठेवतो, मुद्दाम नाही, बोट उचललंच जात नाही. फ्लामेंकोवाला एक मित्र म्हणाला जरा क्लासिकल वास येतोय. कौतुक होतं की टोमणा, ते त्यानेही स्पष्ट केलं नाही.

जानेवारीत काकांकडे परत जेवायला होतो. लाग्रिमा वाजवली. काका झोपले होते.

बहिणीने मात्र पूर्ण ऐकली आणि म्हणाली, मधली तार आता बरी आहे, पण दुसऱ्या भागात बेस लवकर सोडतोस, आणि अंगठ्याचं नख फार लांब आहे, म्हणून बेस असा पत्र्यासारखा वाजतो, जरा कमी कर म्हणजे मांस आणि नख दोन्ही लागेल, मग बुरे घेऊ. मी घरी येऊन दोनेक मिलीमीटर घासलं. बेस खरंच गोल यायला लागलाय. आल्सापुआ गेला आठवडाभर पूर्ण बोंबललाय, वरच्या फटक्याला तारच लागत नाही. नख परत वाढायला तीनेक आठवडे लागतील, तोवर वाढवायचं की असंच ठेवायचं हे अजून ठरत नाहीये. कालनिर्णयच्या पानावर बुरेपुढचं प्रश्नचिन्ह तिने येऊन स्वतः खोडलं आणि गोल केला, म्हणजे चारचे पाच झालेत.